२५० ग्रॅम काजू म्हणजे किती कप? कतलीसाठी २ कप पूड आणि १ कप साखर लिहिली आहे, एक पाकीट पुरेल का? (घरी वजनकाटा नाही)

पुरेल, थोडी पूड उरेलसुद्धा. फक्त दळायच्या आधी काजू कपाने मोजू नका.

अख्खे काजू कपात भरले की मध्ये बरीच पोकळी राहते. २४० मिलीच्या कपात ते साधारण १३५ ते १४० ग्रॅम बसतात. म्हणजे तुमचं पाकीट दोन कपही भरणार नाही आणि तुम्ही उगाच दुसरं आणायला धावाल. त्याच काजूंची पूड करून चाळली की ती फुलते. सैल भरलेल्या कपात ११० ग्रॅमच्या आसपास मावते. आता तेच २५० ग्रॅम सव्वादोन कप होतात. कृतीत ‘२ कप काजूची पूड’ आहे की ‘२ कप काजू, पूड करून’, हे म्हणूनच नीट वाचा. पहिल्यात सुमारे २२० ग्रॅम काजू आहेत, दुसऱ्यात पावणेतीनशे.

खरा घोळ साखरेत होतो. सपाट भरलेला साखरेचा कप २०० ग्रॅमचा. तुमच्या कृतीत मापाने साखर निम्मी दिसते, पण वजनाने ती जवळजवळ काजूइतकीच आहे. कोणी ‘काजूच्या निम्मी साखर’ सांगितलं तर आधी विचारा, वजनाने की मापाने? वजनाने असेल तर २५० ग्रॅमला १२५ ग्रॅम, मापाने असेल तर सव्वादोनशेच्या घरात. मला इतकी गोड कतली आवडत नाही, पाव किलो काजूला पाऊण कप साखर मी पुरेशी मानते.

पूड करताना मिक्सर थांबून थांबून फिरवा. काजूला तेल सुटलं की पूड गोळा होऊन कपात दाबून बसते आणि वरचा हिशेब कोलमडतो. फ्रिजमधले काजू लगेच दळू नका, ओल धरतात. आणि कतलीला अख्खा काजू घेण्यात पैसे घालवू नका, तुकडा चालतो.

मोजायचा कप नसेल तर अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीवर घरातली वाटी तपासा. ५०० मिलीच्या सव्वातीन-साडेतीन वाट्या झाल्या तर वाटी १५० मिलीच्या आसपास आहे, तिच्यात पूड ७० ग्रॅमच्या जवळपास बसेल.

बदाम आणि शेंगदाणे अख्खे असताना काजूच्याच पंगतीतले, कपाला १४०-१४५ ग्रॅम. अक्रोड मात्र वेडावाकडा. अर्धुकं जेमतेम १०० ग्रॅम भरतात, तुकडे केले की ११५-१२०. सालासकट अक्रोड आणत असाल तर किलोमागे निम्माही गर निघेल असं धरू नका. दाण्याच्या कुटाला कच्चे दाणे २५० ग्रॅम घेतलेत तर भाजून, सालं पाखडून २३० च्या आसपास उरतात.

खिरीवर किंवा शिऱ्यात घालायचे असतील तर यातलं काहीच मोजायची गरज नाही, मूठभर घाला.