येत असलेलं पेपरात का चुकतं?

मॅडम, लातूरला अकरावीचा वर्ग पहिल्यांदाच घेताय म्हणून सांगते. औसा, निलंगा, अहमदपूरकडची लेकरं इथं खोली करून राहतात, नीटची तयारी करतात. सोयाबीनचे पैसे आपल्या फीला गेलेत, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. सराव परीक्षेत मार्क घसरले की लगेच 'अभ्यास करत नाही' म्हणू नका. आधी विचारा, झोप लागते का, पेपरच्या दिवशी पोट दुखतं का.

थोडी धाकधूक हवीच. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की ताण एका हद्दीपर्यंत शिकायला मदत करतो, पुढे बिघडवतो. आणि काम अवघड असेल तर ती हद्द लवकर येते. भौतिकशास्त्राचं गणित सोडवताना आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात. तीच जागा काळजीनं अडवली की येत असलेलं गणितही चुकतं. मार्क गेले की काळजी आणखी वाढते.

म्हणून मार्कांची यादी भिंतीवर लावू नका, माझा याला ठाम विरोध आहे. पेपर घेऊन लेकराशेजारी बसा: आलंच नाही ते कुठलं, येऊन चुकलं ते कुठलं? दुसरं जास्त असेल तर जादा तासांनी काही साधत नाही.

झोप, जेवण बिघडलेलंच राहिलं तर पालकांना बोलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या. मरणाची भाषा कानावर आली, तर मात्र हे त्याच दिवशी करा, लेकराला क्षणभरही एकटं न सोडता.