जर्मनीत दवाखान्याचा खर्च कोण देतं?

उदगीरहून विचारलंस, "ताई, नर्सिंगची नोकरी पक्की झालीय. आरोग्य विम्याचे पगारातून किती कापतात? बायको, लेक आणि आई-वडील त्यात बसतात का?"

कापतात, आणि पहिली पगाराची स्लिप बघून पोटात गोळा येतो. मूळ वर्गणी ग्रॉस पगाराच्या १४.६ टक्के, निम्मी तुझी, निम्मी मालकाची. त्यावर प्रत्येक क्रांकनकासे, म्हणजे विमा संस्था, स्वतःची जादा टक्केवारी लावते. तीही अर्धी-अर्धी. ग्रॉस ३००० युरो धरला तर मूळ वर्गणीचेच तुझे २१९ युरो जातात. म्हातारपणातल्या सेवेचा विमा आणखी वेगळा.

पण ही वर्गणी पगारावर ठरते, वयावर किंवा आजारावर नाही. तुला आधीपासून शुगर असली तरी एक युरो जास्त लागत नाही. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांसाठी ही पद्धत सुरू झाली. बायको कमावती नसेल तर ती आणि लेक तुझ्याच विम्यात, फुकट. मला तर हीच यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. कासे कोणतीही घे, उपचार जवळजवळ सारखेच. एजंट सांगतो म्हणून सही करू नकोस, जादा टक्केवारी बघ. नोकरी सुरू होण्याआधी नुसता भाषेचा कोर्स चालू असेल तर तेवढ्या दिवसांचा खासगी विमा लागतो.

आता दवाखाना. आल्या आल्या घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोध. आजारी पडल्यावर शोधायला गेलास तर "नवीन पेशंट घेत नाही" हेच ऐकशील. कार्ड दाखवायचं, फी द्यायची नाही. औषधाला १० टक्के, पण किमान ५ आणि जास्तीत जास्त १० युरो. ॲडमिट झालास तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात २८ दिवसांपर्यंतच. १८ वर्षांखालच्यांना हे काही लागत नाही. दात आणि चष्म्याला मात्र खिशात हात घालावा लागतो.

स्पेशालिस्टची तारीख कित्येक महिन्यांनंतरची मिळते. घाई असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर तातडीचा कोड मागून घे आणि ११६११७ ला फोन लाव. रात्री-बेरात्री डॉक्टर हवा असला तरी हाच नंबर. जीवावर बेतलं तर ११२. आणि साध्या तापात सलाईन मागू नकोस, चहा पिऊन झोप म्हणतील!

आई-वडील या विम्यात बसत नाहीत. भेटीला आले तरी व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा काढावा लागतो. म्हणून निघण्याआधी तिकडं त्यांचं आयुष्मान कार्ड काढून दे. सत्तरीच्या पुढं उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. लातूर-नांदेडचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे आणि तिथं त्यांचा आजार बसतो का, हे स्वतः जाऊन विचारून ये.