दिसायला सारख्या जंगली मधमाश्यांच्या जाती वेगळ्या कशा ओळखायच्या?

तुमचा प्रश्न असा: एकाच झुडपावर दोन छोट्या माश्यांचे फोटो काढले, ॲपने एकीला एपिस फ्लोरिआ म्हटलं आणि दुसरीला एपिस अँड्रेनिफॉर्मिस (दोन्ही छोट्या मधमाश्यांच्या जाती), पण फोटो कितीही मोठा केला तरी पोटाच्या रंगात थोडा उन्नीस-बीस सोडून काहीच फरक दिसत नाही. मग कुठे बघायचं?

आधी पोटाचा रंग बाजूला ठेवा. या जोडीचं उत्तर मागच्या पायावर आहे. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला उभे केस असतात. फ्लोरिआत ते पांढरट, अँड्रेनिफॉर्मिसमध्ये काळे. माशी फुलावर आडवी बसली असेल आणि ऊन बरं असेल तर साध्या मॅक्रो फोटोतही हे दिसतं. पायावर परागाचा गोळा असेल तर मात्र केस झाकले जातात, तेव्हा रिकाम्या पायाच्या माशीची वाट बघायची. फ्लोरिआच्या पोटाचे पहिले दोन पट्टे सहसा तांबूस असतात आणि दुसरी एकूण काळपट, हे खरं आहे. पण फ्लोरिआतही गडद पोटाच्या माश्या सापडतात, आणि तुमचा घोळ तिथेच झालाय. अँड्रेनिफॉर्मिसला नाव मिळालं 1858 मध्ये, तरी 1980च्या दशकापर्यंत बहुतेक तज्ज्ञ तिला फ्लोरिआच समजत होते. त्यामुळे तुम्हाला फरक दिसला नाही यात नवल नाही.

मेलेली माशी हाती लागली तर पुढचा पंख भिंगाखाली धरा. त्यात शिरांनी आखलेल्या चौकटी असतात. त्यातल्या एका ठरावीक चौकटीच्या खालच्या बाजूला एक शीर येऊन मिळते आणि त्या बाजूचे दोन तुकडे पाडते, एक लांब, एक आखूड. लांबाला आखुडाने भागायचं. फ्लोरिआत उत्तर तीनच्या आसपास येतं, अँड्रेनिफॉर्मिसमध्ये सहाच्या. रंग विटतो, केस झडतात, पण शिरांचं हे गणित माशी मरून वाळली तरी बदलत नाही.

आता सगळ्याच माश्यांबद्दल. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांवर जातींची नोंद झालेली आहे, त्यात पोळं बांधून मध साठवणाऱ्या मूठभर. बाकी बहुतेक एकट्या राहणाऱ्या, जमिनीत किंवा लाकडात बीळ करणाऱ्या. एवढ्या पसाऱ्यात थेट जातीवर उडी मारण्यात अर्थ नाही. माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: नर की मादी? नर आणि मादी इतके वेगळे दिसू शकतात की पुस्तकातलं चित्र जुळतच नाही. झायलोकोपा प्युबेसेन्स या भुंग्याची मादी काळी, छातीवर पिवळी मखमल. नर मात्र सगळाच पिवळा. नर की मादी हे ठरवायला डोक्यावरच्या एका मिशीचे खंड मोजायचे. बुडाशी एक लांब दांडी, तिच्या टोकाला एक इवलासा मणी, आणि पुढे ओळीने मणी. मणी मोजताना तो पहिला इवलासा सुटून जातो, सगळ्यांचाच सुटतो. दांडीसकट बारा भरले तर मादी, तेरा भरले तर नर. पायावर किंवा पोटाखाली परागाचा लेप असेल तर मोजायचीही गरज नाही, ती मादीच.

पराग कुठे वाहिलाय यावरून जीनसही (जवळच्या जातींचा गट) बराच कळतो. मेगाकायली, म्हणजे पानं कातरणारी, पोटाखालच्या केसांत पराग भरते. अँड्रीना मागच्या पायाच्या केसांत, अगदी मांडीपर्यंत. एपिस आणि बंबलबी (गुबगुबीत, केसाळ माश्या) यांच्या पोटरीवर गुळगुळीत खोलगट टोपली असते. हॅलिक्टस आणि लेसिओग्लॉसम या दोन जीनसांत लोक फार गोंधळतात. पोटावरच्या पांढऱ्या केसांचा पट्टा प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेला असेल तर हॅलिक्टस, खंडाच्या सुरुवातीला असेल तर लेसिओग्लॉसम. यातही जुन्या, झिजलेल्या माश्यांचे पट्टे गायब असतात.

कधी माशीच बदललेली असते. अँड्रीनाच्या पोटात स्टायलॉप्स नावाचा परजीवी कीटक वाढतो. त्याने पछाडलेल्या मादीचे पराग गोळा करायचे केस विरळ होतात, नराच्या चेहऱ्यावरचा पिवळा रंग कमी होतो, आणि माशी धड ही नाही धड ती नाही अशी होते. पूर्वी अशा माश्यांना नवी जात समजून नावंही दिली गेली. पोटाच्या दोन खंडांच्या फटीतून तपकिरी खवल्यासारखं काही बाहेर डोकावत असेल तर त्या माशीवरून काहीही ठरवू नका.

माशी कुठे, कधी आणि कशावर दिसली हे तर लिहायलाच हवं. कोलेटिस हेडेरी ही आयव्ही या वेलीच्या फुलांवर येणारी युरोपातली माशी 1993 पर्यंत विज्ञानाला वेगळी म्हणून ठाऊकच नव्हती, कारण ती कोलेटिस सक्सिंक्टससारखी दिसते. सक्सिंक्टस हेदर या झुडपाच्या फुलांवर उन्हाळ्याच्या शेवटी, ही शरद ऋतूत आयव्ही फुलली की. फूल आणि महिना लिहून ठेवला असेल तर अर्धं काम झालं. पण फक्त अर्धं, कारण माश्या आपली फुलं नेहमीच पाळतात असं नाही.

आणि काही ठिकाणी हात टेकायचे. युरोपातल्या बंबलबींच्या ल्यूकोरम, क्रिप्टारम आणि मॅग्नस या तीन जाती गळ्याशी असलेल्या पिवळ्या पट्ट्यावरून ओळखता येतात असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं. 2012 मध्ये डीएनए तपासून झालेल्या अभ्यासात दिसलं की राणी माश्यांच्याही रंगांवरून या तिघींची खात्रीने वाटणी होतच नाही. लहान हिरवट लेसिओग्लॉसमचं तेच रडगाणं. नर सापडला तर त्याची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघून पुष्कळ जाती सुटतात, कारण त्यांचा आकार जातीगणिक वेगळा असतो; फोटोवरून ते होणं नाही.

ॲपबद्दल एवढंच की ते बघतं तो एकूण दिसण्याचा ठसा, आणि शिकलेलं असतं लोकांनी लावलेल्या नावांवरून. निळ्या पट्ट्यांच्या अमेजिला माश्यांचे आशियातले कितीतरी फोटो सिंग्युलाटा नावाने फिरतात. ती ऑस्ट्रेलियातली जात आहे.

पुढच्या वेळी एकाच माशीचे चार फोटो घ्या: वरून, बाजूने मागचा पाय दिसेल असा, समोरून चेहरा, आणि पंख पसरलेला असेल तेव्हा पंख. माशी थांबत नसेल तर छोट्या बाटलीत घेऊन काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की सुस्तावते, फोटो झाले की तिथेच सोडून द्या. आत्ताच्या दोन फोटोंत पोटरीचे केस दिसत नसतील तर दोन्ही नोंदी नुसत्या 'एपिस' म्हणून ठेवा, सोबत ठिकाण, तारीख आणि झुडपाचं नाव.