पोक्सोचा कैदी ओपीडीत आला की

प्रिय डॉक्टर,

फॉरेन्सिकची, म्हणजे कोर्टाने पाठवलेल्यांच्या मानसिक तपासणीची, ड्युटी लागल्यावर आधी काय वाचू, असं विचारलंस. पुस्तक नंतर बघू. कोर्टाचं पत्र घेऊन पोलीस पार्टीबरोबर आलेला माणूस समोर बसला की हात आपोआप निदान लिहायला जातो, तो आधी आवर. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम म्हणजे निदान नव्हे. मुलांवर अत्याचार करणाऱ्या अनेकांना पेडोफिलिया, म्हणजे लहान मुलांबद्दलचं लैंगिक आकर्षण, नसतो. दारू, घरातला दरारा आणि मिळालेला एकांत त्यांना पुरतो. उलट ते आकर्षण असूनही मुलाला कधी हात न लावलेली माणसंही असतात.

निकष शब्दशः पाळ. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेप्रमाणे आकर्षण किमान ६ महिने हवं, तेही वयात न आलेल्या, साधारण १३ किंवा त्याखालच्या मुलांबद्दल. माणूस स्वतः किमान १६ वर्षांचा आणि त्या मुलापेक्षा ५ वर्षांनी तरी मोठा. पोक्सोला मात्र १८ खालचं प्रत्येक जण मूल. म्हणून सतरा वर्षांच्या मैत्रिणीबरोबर पळून गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आरोपी ठरतो, पण पेडोफिलियाचा रुग्ण ठरत नाही. रिपोर्टात ही गल्लत झाली की वकील तिथेच पकडतो, आणि बरोबर पकडतो.

पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच असं वागणं सुरू झालं असेल तर आधी मेंदूचा विचार कर: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूच्या पुढच्या भागाची झीज) किंवा गाठ, त्यासाठी एमआरआय. पार्किन्सन्ससाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल (या गोळ्यांनी कधीकधी लैंगिक आवेग वाढतो) चालू आहे का, हे नातेवाइकांना गोळ्यांची पाकिटं दाखवायला सांगूनच ठरव. मॅनिया (उन्मादाचा आजार) आणि बौद्धिक अक्षमता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

कच्चा कैदी गुन्हा नाकारणारच. वकिलाने तोंड बंद ठेवायला सांगितलेलं असतं. त्याला 'इनसाइट नाही', म्हणजे आजाराची जाणीव नाही, असं लिहू नकोस. एफआयआर, आरोपपत्र, जुने केसपेपर मागव, घरच्यांशी वेगळं बोल आणि ऐकीव माहितीपुढे 'आरोपानुसार' लिही. बोलायला बसण्याआधीच त्याला सांग, की फाइल कोर्ट मागवू शकतं आणि मुलावरच्या अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सोच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं तुला बंधनकारक आहे. हे त्याने सगळं सांगून झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक.

कोर्टाच्या पत्रात बऱ्याचदा दोन प्रश्न एकत्र कालवलेले असतात: आज खटला समजण्याइतका तो सक्षम आहे का, आणि कृत्याच्या वेळी मन ठिकाणावर होतं का. उत्तरं वेगवेगळ्या परिच्छेदांत दे. दुसऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (मनोविकारामुळे कृत्य न कळणाऱ्याला गुन्ह्यातून सूट) लागतं. नुसत्या पॅराफिलियाने (पेडोफिलियासारख्या विकृत लैंगिक आकर्षणाने) ते भागत नाही, कारण आपण काय करतोय हे त्या माणसाला बहुधा कळत असतं.

आता उपचार. एसएसआरआय (नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक गट) आणि सीबीटी (विचार-वर्तन बदलणारी समुपदेशन पद्धत) यांपासून सुरुवात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटवणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन (३.७५ मि.ग्रॅ. डेपो, महिन्यातून एकदा) धोका मोठा असेल तेव्हाच, एंडोक्रिनोलॉजिस्टला विचारून. पहिल्या काही आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून त्या काळात सायप्रोटेरोनसारखं अँटिअँड्रोजन (त्या हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध) जोडतात. हे विसरलं तर धोका वाढतो तो आपल्याच इंजेक्शनने. आधी टेस्टोस्टेरॉन, लिव्हर, साखर, लिपिड आणि हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन. हाडं पुढेही तपासत राहायची. हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या किशोराला हे देत नाहीत. औषध इच्छा कमी करतं, आकर्षणाची दिशा बदलत नाही, आणि रागातून किंवा सत्तेच्या माजातून अत्याचार करणाऱ्यावर त्याचा फारसा भरवसा नाही. २०१३ मध्ये बलात्कारविरोधी कायदे सुधारण्यासाठी नेमलेल्या वर्मा समितीने शिक्षा म्हणून रासायनिक खच्चीकरण (अशाच औषधांनी लैंगिक इच्छा दाबणं) नाकारलं होतं, ते माझ्या मते योग्यच होतं. जामिनाच्या आशेने दिलेल्या संमतीवर इंजेक्शन देऊ नकोस. जामिनावर सुटून तो गावी गेला की पुढचा डोस कोण देणार, हे पहिल्या डोसच्या आधी ठरव.

हवालदाराला दाराबाहेर, दिसेल पण ऐकू येणार नाही असं उभं कर. तो नाही म्हणाला तर तशी नोंद कर. आणि बाहेर फिरणाऱ्या केसपेपरवर कलम लिहू नकोस. तो कागद बराकीत पोचला तर मार त्या कैद्याला पडतो.

तुझा,
सर