पियानो तुझा, बाकी त्यांचं

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. परदेशी कॉन्झर्व्हेटरीतली, म्हणजे संगीत महाविद्यालयातली, पाच मुलं डिसेंबरअखेर बडोद्याला येणार, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि पियानो, आणि सगळी व्यवस्था तुझ्या गळ्यात पडली आहे. तू पोस्टरचा रंग विचारलास, पाहुणे कोण बोलवावेत ते विचारलंस, स्टेजवर फुलांची आरास किती करावी तेही विचारलंस. पियानोबद्दल मात्र एकच ओळ: ‘बघू, कुठून तरी मिळेल.’ सुरुवात तिथूनच करू या.

तारवाली चौघं आपापली वाद्यं पाठीवर टाकून येतील. त्यांना त्या वाद्याची नस न् नस ठाऊक असते. पियानोवाला एकटाच रिकाम्या हातांनी येतो. वर्षभर कुठल्या पियानोवर तयारी केली आणि इथे कुठल्यावर बसायचं, यावर त्याचा काही ताबा नसतो. त्याचं वाद्य तू देणार आहेस, म्हणून निम्मी मैफल तुझ्या हातात आहे असं समज.

दोनशे-अडीचशे श्रोत्यांसाठी कमीत कमी सहा फुटी ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा आणि वर झाकण उघडणारा मोठा पियानो हवा. भिंतीला टेकवायचा उभा पियानो घेतलास तर वाजवणाऱ्याची पाठ साथीदारांकडे होते, आणि चेंबर म्युझिकला, म्हणजे मोजक्या वादकांच्या अशा संगीताला, कंडक्टर नसतो. सगळं एकमेकांच्या श्वासावर, भुवईवर चालतं. डिजिटल पियानोचा तर विचारच करू नकोस. त्याचा आवाज स्पीकरमधून एका जागेहून येतो आणि शेजारच्या लाकडी वाद्यांशी कधीच मिसळत नाही. ग्रँड नाहीच मिळाला तर मुलांना आत्ताच कळव. ती फक्त चौघांचं स्ट्रिंग क्वार्टेट बसवून आणतील. ऐन वेळी कळवण्यापेक्षा ते शंभरपटींनी बरं.

भाड्याने घेण्याआधी पियानो स्वतः जाऊन पाहा. ८८ पट्ट्या एकेक करून अगदी हलक्या हाताने दाब; हलका स्वर उमटतच नसेल तर तिथे गडबड आहे. मग तीच पट्टी भरभर वाजव. पावसाळ्यात दमट झालेलं फेल्ट फुगतं, पट्टी दाबल्यावर वर यायला आळस करते, आणि जलद पुनरावृत्तीत स्वर गळतात. उजवा पेडल दाबून काही स्वर वाजव आणि पेडल सोड: आवाज लगेच थांबला पाहिजे. मागे एखादा स्वर रेंगाळला तर तिथला डँपर (तार थांबवणारी फेल्टची गादी) बसत नाही; अगदी वरच्या पट्ट्यांना मात्र डँपरच नसतो. पेडल कुरकुरतो का ते बघ, कारण संथ भागात ती कुरकुर शेवटच्या रांगेपर्यंत जाते. आणि आत टॉर्च मारून पाहा. फेल्ट कुरतडलेलं असेल किंवा लेंड्या दिसल्या तर तिथे उंदीर नांदून गेले आहेत. वर कितीही पॉलिश असो, तो पियानो नको.

असा पियानो तीनशे किलोच्या आसपास जातो. पाय आणि पेडलची चौकट काढून, सरळ बाजूवर आडवा करून, ब्लँकेटात गुंडाळून तो फळीवर बांधतात आणि मग टेंपोत चढवतात. नेहमी हेच काम करणारी माणसं घे. घरसामान हलवणारे हमाल तो पायांसकट उचलायला जातात आणि पाय मोडतो. हॉलचा मागचा दरवाजा, रँप, पायऱ्या टेपने मोजून ठेव.

आता ट्यूनिंग. पियानोत साधारण २३० तारा असतात, आणि त्यांचा एकूण ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. हवेतला ओलावा बदलला की साउंडबोर्डचं (तारांखालच्या घुमणाऱ्या फळीचं) लाकूड फुगतं किंवा आकसतं, आणि सगळा सूर सरकतो. म्हणून पियानो निदान आदल्या दिवशी सकाळी हॉलमध्ये पोहोचला पाहिजे, आणि मैफलीला एसी जसा ठेवणार तसाच तेव्हापासून ठेवायला हवा. पहिलं ट्यूनिंग आदल्या संध्याकाळी, दुसरं मैफलीच्या दिवशी मुलांची तालीम संपल्यावर, आणि मध्यंतरात दहा मिनिटं चुकार तारांसाठी. या तिन्ही वेळांचे पैसे ट्यूनरशी आधीच बोलून घे. एक बैठक दीड ते दोन तासांची असते, आणि त्या वेळात हॉल रिकामा आणि शांत हवा. नेमकं इथेच फसतं: ट्यूनर कान लावून बसलेला असतो, तेवढ्यात मंडपवाला ठोकाठोकी सुरू करतो, झाडूवाला खुर्च्या सरकवतो, साउंडवाला ‘हॅलो, चेक’ करतो. दरवाजावर एक माणूस बसव. त्याला दुसरं काही काम देऊ नकोस.

मुलांना आजच एक गोष्ट विचार: मधला ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर हवा की ४४२ वर? युरोपात ४४२ बराच चालतो. दोनचा फरक ऐकायला किरकोळ, पण त्यासाठी सगळ्या तारा ताणाव्या लागतात आणि ताणलेला सूर एका बैठकीत ठरत नाही. जुन्या पियानोला तर तो मानवतच नाही. पियानो ४४० वरच राहणार असेल तर आधी सांग. व्हायोलिनवाल्यांना खाली उतरायला एक मिनिट लागतं.

तारीख तू चांगली धरली आहेस. मध्य डिसेंबर ते उत्तरायण (आपली संक्रांत) कमुरता, म्हणजे लग्नं नाहीत, आणि हॉलसमोरून बँड वाजवत वरात जाण्याची भीती नाही. उत्तरायण जवळ आलं की मात्र गच्च्यांवर स्पीकर चढतात, त्यामुळे जानेवारीचा पहिला आठवडा ओलांडू नकोस. त्या दिवसांत हवा कोरडी असते, पण पहाटे गारठा आणि दुपारी चटका, असा फरक लाकडाला सोसत नाही. वाद्यं गाडीत ठेवून कुणी जेवायला जायचं नाही, दहा मिनिटांसाठीसुद्धा. आणि पाच माणसं अधिक चेलो म्हणजे एक गाडी पुरत नाही. चेलोची कठीण पेटी माणसाएवढी जागा अडवते आणि ती डिकीत घालायची नसते.

हॉलचं ठरवताना नाव बघू नकोस, टाळी वाजवून बघ. मधोमध उभं राहून एकच कडक टाळी दे. आवाज जागच्या जागी मेला तर तारांचा सूर कोरडा, खरखरीत लागेल. दोन सेकंदांपलीकडे घुमत राहिला तर जलद जागा एकमेकींत कालवतील. दीड सेकंदाच्या अलीकडे-पलीकडे उत्तम. रिकामा हॉल नेहमी जास्त घुमतो, माणसं भरली की आवाज शोषला जातो, हेही धरून चाल. आपली नगरगृहं नाटकांना ठीक, पण बाजूचे आणि मागचे मखमली पडदे आवाज गिळतात. तिथे करायचंच असेल तर मुलांना पडद्याच्या रेषेपुढे, अगदी काठाशी बसव आणि मागे प्लायवूडचे उघडे फलक उभे कर. लक्ष्मी विलास पॅलेसचा दरबार हॉल कुणीतरी सुचवेलच. देखणा आहे, पण खाली मोझेकची फरशी आहे, आणि चेलो टोकदार लोखंडी खुंटीवर उभा राहतो. खुंटी फरशीवर घसरते, वर चरा पाडते. तिथे खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा किंवा लाकडी फळी लागेल. लाकडी स्टेजवर ही अडचण येत नाही, उलट फळ्याही चेलोबरोबर घुमतात. म्हणून लाल गालिचा अंथरू नकोस! स्टेज उघडं राहिलं तर बरं दिसत नाही असं समितीतले काका म्हणतील. म्हणू देत.

खुर्च्या चार: हात नसलेल्या, सपाट बैठकीच्या, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास उंच. सॅटिनचं कव्हर आणि बो लावलेल्या पार्टीच्या खुर्च्या मागे झुकतात, प्लॅस्टिकच्या लवतात आणि करकरतात. प्रत्येकीवर बसून, डोलून बघ. पियानोचं बाक वरखाली होणारं हवं. नोटेशनचे स्टँड जड घे. तारेचे घडीचे स्टँड पंख्याच्या झोताने पडतात. एक जास्तीचा ठेव. पंखे बंदच ठेवायचे, आणि एसीचा झोत थेट स्टेजवर येत असेल तर ती झडप मिटवून घे. तरीही कपडे वाळत घालायचे दहा-बारा चिमटे खिशात असू देत. उजेड वरून, कागदावर पडणारा हवा. समोरचे रंगीत दिवे डोळ्यांत जातात आणि एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

पियानोचं झाकण पूर्ण उघडं ठेवून सुरुवात करा. पियानो इतरांना दाबतोय असं वाटलं की सगळे आधी झाकण अर्धं करायला धावतात. त्याने आवाज कमी होण्यापेक्षा मंद, गढूळच जास्त होतो. तालमीत दहाव्या रांगेत कान असलेला एकजण बसव, त्याने सांगितलं तरच काय ते हलवा. स्टेजवर बसलेल्यांना बाहेर काय ऐकू जातंय ते कळत नाही.

माइक लावायचा नाही. हॉलचा साउंडवाला ऐकणार नाही, ‘मागे आवाज जाणार नाही, साहेब’ म्हणेल. त्याला निवेदनाचा एक माइक दे, आणि निवेदन संपलं की स्पीकर मुळातूनच बंद करायला लाव. चालू राहिलेल्या स्पीकरचा गुणगुणाट संथ भागात बारीक किड्यासारखा कानाशी राहतो.

पानं उलटणारा हा तुझ्या यादीत नसलेला माणूस. तारवाल्यांपुढे फक्त आपापला भाग असतो, पियानोवाल्यापुढे सगळ्यांचं मिळून पूर्ण नोटेशन, म्हणून त्याची पानं फार. तो टॅब्लेट आणि पायाचा पेडल वापरतो का ते विचार. वापरत असेल तर चार्जिंगची जबाबदारी कुणावर तरी टाक. कागद असेल तर स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्य स्वरलिपी) वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी शोध. आपल्याकडे मौलाबख्शांची गायनशाळा १८८६ पासून आहे, तिचीच पुढे युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली. सुरांचे जाणकार गावात कमी नाहीत. पण इथे पियानो शिकणाराच लागेल. त्याने वाजवणाऱ्याच्या डावीकडे, किंचित मागे बसायचं. पान संपायच्या दोन ओळी आधी आवाज न करता उभं राहायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा उजवा कोपरा धरायचा, आणि मानेच्या खुणेवर उलटायचं. हात नोटेशनच्या आडवा येता कामा नये. बांगड्या, ओढणी, सैल बाह्या, अत्तर काही नको. खरी मेख पुनरावृत्तीत असते: तिथे पुढे जाण्याऐवजी चार-पाच पानं मागे यावं लागतं. कुठली पुनरावृत्ती घेणार आणि कुठली सोडणार हे तालमीत विचारून पेन्सिलने खूण करायची, आणि ती पानं कोपऱ्यात किंचित दुमडून ठेवायची. एका वेळी दोन पानं उलटली गेली की पियानोवाला चार-सहा सेकंद आंधळा होतो, आणि त्याच्याबरोबर सगळे.

कार्यक्रम पासष्ट-सत्तर मिनिटांच्या संगीताचा आणि मध्ये पंधरा मिनिटांचा विसावा, यापेक्षा लांबवू नका. हायडनचं १७९५ चं जी मेजर ट्रिओ (पियानो, व्हायोलिन, चेलो) साधारण पंधरा मिनिटांचं. त्याचा शेवटचा भाग हंगेरियन ढंगाचा आहे, नवा श्रोताही तिथे खुलतो. मग मोझार्टचं १७८५ चं जी मायनर पियानो क्वार्टेट (त्यात व्हिओलाची भर) पंचवीस मिनिटांचं, आणि मध्यंतरानंतर शुमानचं १८४२ चं पियानो क्विंटेट अर्ध्या तासाचं. पाचही जण शेवटी एकत्र येतात आणि पियानो एकदाही हलवावा लागत नाही. निव्वळ तारांचं काही घेणार असाल तर ते सुरुवातीला, पियानो मागे, झाकण मिटून. चाकांच्या जागांवर आधीच टेप लाव.

टाळ्यांची काळजी तुला आहेच. आपला श्रोता गवई फैयाज खाँसाहेबांच्या गावचा, जागा आली की ‘वा’ निघणारच, आणि मला त्यात पाप वाटत नाही. पण संथ भाग संपतानाची ती शेवटची शांतता टाळ्यांनी फुटू नये. यावर भाषण करू नकोस. कार्यक्रमपत्रिकेत मराठी-गुजरातीत प्रत्येक रचनेपुढे भाग किती आणि मिनिटं किती ते लिही. शुमानचा पहिला भाग इतका जोरात संपतो की टाळ्या पडतीलच, पडू देत. त्याच्याच शेवटच्या भागात मात्र सगळे एका जागी थबकतात आणि मग पुन्हा सुरू होतात. तिथे पहिल्या रांगेतल्यांनी हात आवरले की मागचे आवरतात. पहिल्या रांगेत कुणाला बसवायचं ते त्या हिशेबाने ठरव.

उशिरा येणाऱ्यांना फक्त दोन रचनांच्या मध्ये सोडायचं, भागांच्या मध्ये नाही. दरवाजाच्या बिजागरीत आदल्या दिवशी तेल घाल. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ सगळं शेवटी. आधी केलंस तर मुलं अर्धा तास उभी राहून हात गार करून घेतील, आणि पियानोशेजारी समईचा धूर व तेल कुणालाच नको आहे.

तार तुटू शकते, बहुधा व्हायोलिनची सगळ्यात बारीक. वाजवणारा आत जाऊन पाच-सात मिनिटांत बदलून येतो, श्रोत्यांना एका वाक्यात सांगायचं आणि थांबायचं. जास्तीचा पूर्ण संच त्यांनीच आणावा असं आजच लिही. चेलोची तार आयत्या वेळी बडोद्यात मिळेल असं धरू नकोस.

पोस्टर छापायला टाकण्याआधी मला एवढं कळव: पियानोची लांबी, हॉलच्या मागच्या दरवाजाची रुंदी, आणि ट्यूनर तिन्ही वेळा यायला कबूल आहे का. रंग मग तुझ्या आवडीचा घे.

तुझा,
काका