हॉस्टेलला टाकलं आणि पोरगा खोटं बोलायला लागला

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी निवासी शाळेतल्या मुलांचे आईवडील जास्त येतात. सुट्टीत मूल पंधरा-वीस दिवस डोळ्यांसमोर असतं आणि बदल खुपायला लागतात. प्रत्येकाची तक्रार वेगळी, पण धास्ती एकच: घरी होता तेव्हा चांगला होता, तिकडे जाऊन बिघडला.

काटोलकडचं एक संत्राबागायतदार जोडपं असंच आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा आठवीत, सहावीपासून नागपूरजवळच्या एका निवासी शाळेत. त्याच्या खोलीतल्या एका मुलाच्या पेटीतून पाचशे रुपये गेले होते. मामाने बुटांसाठी दिलेले. रेक्टरांनी सगळ्या खोलीचं संध्याकाळचं खेळणं बंद केलं आणि नाव सांगेपर्यंत ते बंदच राहील म्हणून बजावलं. नाव कुणीच सांगितलं नाही. पुढे कळलं की या मुलाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

"घरी कधी खोटं बोलला नाही जी," आईचे डोळे भरून आले होते. "आता सरांसमोर उभा राहून माहीतच नाही म्हणते. मॅडम, काढून आणू का त्याले?"

वडिलांचं ठरलेलं होतं. "टीसी काढतो. इथंच शिकेल."

मुलाशी मी एकटीने बोलले. बराच वेळ तो बुटाच्या लेसची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिला. चोरीबद्दल काहीच न विचारता मी खोलीबद्दल विचारलं: कोण कुठे झोपतं, घोरतं कोण, घरून आलेला चिवडा किती दिवस पुरतो. मग तो बोलायला लागला. पैसे घेणारा त्याच्या शेजारच्या पलंगावरचा. मधेच तो जे म्हणाला ते मी तिथल्या तिथे लिहून घेतलं: "मागच्या पावसाळ्यात मला ताप आला होता, तेव्हा रात्रभर तोच पट्ट्या बदलत होता. त्याचं नाव सांगितलं असतं तर परत ताप आल्यावर मी उठवू कोणाला?"

या मुलाला खरं-खोटं कळत नाही असं कुणी म्हणू शकेल का? त्याच्यापुढे दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि त्याने एक निवडली. निवड चुकली, पण ती निवड होती.

लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मुलांची नैतिक समज कशी वाढते याचा अनेक वर्षं अभ्यास केला. लहानपणी शिक्षा होते ते वाईट, एवढंच मुलाला कळतं. पुढे, साधारण या मुलाच्या वयात, 'आपल्या माणसांच्या नजरेत मी चांगला आहे ना' हा प्रश्न मोठा होतो. घरी असताना आपली माणसं म्हणजे आईवडील, म्हणून मूल घरी खरं बोलतं. हॉस्टेलात ती जागा खोलीतली पोरं घेतात. आईला जे बिघडणं दिसत होतं त्यात मला बरीचशी वाढ दिसली, फक्त ती अर्ध्यावर थांबलेली. पुढची पायरी म्हणजे माझा मित्र आणि ज्याचे पैसे गेले तोही, असा दोघांचा विचार करता येणं.

भाषण देऊन ही पायरी चढवता येत नाही. कोलबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात 'क्लस्टर स्कूल'मध्ये वेगळा प्रयोग सुरू केला. ती निवासी शाळा नव्हती, पण तिथले नियम विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र बसून ठरवत आणि प्रत्येकाला एकच मत असे. तिथेही एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले. बैठकीत विद्यार्थ्यांनीच सुचवलं, प्रत्येकाने पंधरा-पंधरा सेंट काढून तिचं नुकसान भरून द्यायचं. चोरी आपल्या शाळेत झाली, म्हणजे ती आपल्या सगळ्यांची. आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायची पद्धत, पुढे आली, आणि नागपूरहून जेमतेम दीड-दोन तासांवरच्या सेवाग्रामला सफाई आणि स्वयंपाक हा मुलांच्या शिक्षणाचाच भाग होता. मुलाच्या हातात खरी जबाबदारी दिली की 'त्यांचं हॉस्टेल' हळूहळू 'आमचं हॉस्टेल' होतं.

आईवडिलांच्या संमतीने मी रेक्टरांशी बोलले. भला माणूस, पण एकट्याच्या जिवावर साठ-सत्तर पोरं. सगळ्या खोलीला शिक्षा केली की पोरं एकमेकांना धरून आणखी घट्ट बसतात, हे त्यांना पटायला वेळ लागला. शेवटी खेळणं सुरू झालं आणि रविवारी जेवणानंतर खोलीची बैठक ठेवली. चोर कोण हा विषय नाही. ज्याचे गेले त्याचं काय करायचं, एवढाच. पहिल्या बैठकीत कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या बैठकीत पैसे गेलेला मुलगा म्हणाला की तो अजून जुनेच बूट घालतो आणि ते चावतात. तिथून बोलणं सुरू झालं.

आमच्या मुलाला मी एकच सुचवलं होतं: त्याचं नाव तू सांगू नकोस, त्यालाच सांगायला लाव, आणि सोबत जा. मित्र आधी भडकला. काही दिवस दोघांत अबोला होता, आणि ते दिवस या पोराने फार कठीण काढले. मग एका संध्याकाळी दोघं रेक्टरांच्या खोलीत गेले. पैसे खर्च झाले होते. खाऊच्या पैशांतून दर आठवड्याला फेडायचं ठरलं. खोलीतल्या सगळ्यांनीही थोडी थोडी वर्गणी काढून भर घातली आणि बूट आले.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. मारहाण, रॅगिंग, अंगाला नको तिथे हात लावणं, जिवाला धोका, यात मैत्री आणि गुपित काही नाही. तिथे त्याच दिवशी मोठ्यांना सांगायचं, आणि शाळा ऐकत नसेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर. हे मुलाला हॉस्टेलला पाठवण्याआधीच, नीट बसवून, सांगून ठेवा. शाळाच मुलांना मारत किंवा छळत असेल तर टीसी काढण्याआधी तक्रारही करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे.

आईवडिलांकडून मी फोनची सवय बदलून घेतली. 'जेवला का, मार्क किती' यावरच त्यांचा फोन संपायचा. आता आई विचारते: या आठवड्यात कोणाचं भांडण झालं? तुला काय वाटलं? आणि तो सांगतो तेव्हा मधे बोलत नाही. हे तिला सर्वांत जड गेलं. मुलाने स्वतःची चूक सांगितली की बापाचा आवाज चढायचा. "मग आम्ही रागवायचंच नाही का?" असं त्यांनी मला विचारलं. रागवा, पण त्याचं बोलणं संपल्यावर, आणि खरं सांगितल्याबद्दल रागवू नका. खरं बोलल्याची शिक्षा घरीच मिळत असेल तर मुलगा रेक्टरांना तरी का सांगेल?

टीसी काढली नाही. दहावीपर्यंत तो तिथेच राहणार आहे. धाकटी मुलगी पुढच्या वर्षी सहावीत जाईल. तिलाही हॉस्टेलला पाठवायचं की नाही यावर नवराबायकोचं अजून एकमत नाही, आणि त्यासाठी ते तिला घेऊन येणार आहेत. तिला काय वाटतं ते मी आधी ऐकणार आहे.