भिंतीवरचं प्रमाणपत्र आणि आतला उपचार

व्यसनमुक्तीबद्दल येणाऱ्या पत्रांत ‘आंतरराष्ट्रीय’, ‘परदेशी’ हे शब्द हल्ली फार दिसतात. त्यातून होणारा गोंधळ तोच तोच आहे, म्हणून यावेळी तीच पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय. कोलंबो प्लॅनचा व्यसनमुक्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केला तर स्वतःचं केंद्र काढता येईल का? (सांगली)

नाही. कोलंबो प्लॅन ही अनेक देशांची सहकार्य योजना; ती समुपदेशकांना प्रशिक्षण देते. पण प्रशिक्षण वेगळं आणि केंद्राची नोंदणी वेगळी. आधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा.

प्रश्न : धाकट्या भावाला दारूसाठी एका केंद्रात ठेवलंय. भिंतीवर आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं आहेत. तीन महिने भेटू देणार नाही म्हणतात. डॉक्टर दिसले नाहीत. विश्वास ठेवावा का? (अहिल्यानगर)

ताई, प्रमाणपत्र खरं असेलही. पण ते एका माणसाच्या शिक्षणाचं असतं, केंद्राचं नव्हे.

वरच्या पत्रातल्या कोलंबो प्लॅनचंच उदाहरण घ्या. ही 1951 पासूनची, आशिया-पॅसिफिक भागासाठीची सहकार्य योजना. तिचा अमली पदार्थविषयक कार्यक्रम 1973 मध्ये सुरू झाला. तिथं तयार झालेल्या उपचार अभ्यासक्रमाच्या पायाभूत पातळीत आठ विषय आहेत. मेंदूवर व्यसनाचा परिणाम कसा होतो, समुपदेशन कसं करायचं, नोंदी कशा ठेवायच्या, व्यावसायिक नीती म्हणजे काय, हे सगळं त्यात येतं. परीक्षा देऊन समुपदेशकाला प्रमाणपत्र मिळतं. शिक्षण चांगलंच आहे. पण त्यानं औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही आणि कुणाला कोंडून ठेवण्याचा तर नाहीच नाही.

मला चीड येते ती इथं. ज्या शिक्षणाचा गाभाच रुग्णाचा मान राखणं हा आहे, त्याचा कागद फ्रेम करून लावायचा आणि आत माणसाला खोलीत डांबायचं! जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय यांनी मिळून उपचाराची मानकं काढली आहेत, त्यांची सुधारित आवृत्ती 2020 ची. रुग्णाला माहिती देऊन त्याच्या संमतीनं उपचार करावेत, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार येतात आणि त्या कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे.

उद्याच केंद्रात जा. नोंदणीचा कागद मागा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा, भावाशी एकट्यानं बोलू द्या म्हणा. टाळाटाळ झाली तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाऊन त्याला दुसरीकडे हलवण्याबद्दल सल्ला घ्या. ‘कोर्स पूर्ण होऊ दे’ म्हणून थांबू नका.

प्रश्न : जाहिरातीत ‘परदेशी फॉर्म्युला, चहातून द्या, कळणारही नाही’ असं दारू सोडवायचं औषध आहे. यांना न सांगता देऊ का? (मालेगाव)

देऊ नका. अशा पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिरॅम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी) असेल तर धोका मोठा. कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं आणि दारू पोटात गेल्यावर आजारी पडले. त्यातूनच 1948 मध्ये हे दारूवरचं औषध म्हणून पुढं आलं. ते घेणाऱ्यानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेल्याच्या जिवावरही बेततं. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणून तपासण्या करून आणि रुग्णाला सगळं सांगूनच ती देतात. वहिनी, चोरून औषध देण्यापेक्षा तुम्ही एकट्या तरी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यजमान यायला तयार नसले तरी कुटुंबाला सल्ला मिळतो.

प्रश्न : ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे. दुबईला नोकरी लागलीय. नेता येईल का? (रत्नागिरी)

ब्युप्रेनॉर्फिन हे अफू, हेरॉईन यांच्या व्यसनावरचं औषध. तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी असल्याशिवाय गोळी बॅगेत टाकू नका, आणि मनानं बंदही करू नका; तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : वडिलांनी परवा अचानक दारू सोडली. हात थरथरतात, रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणतात. परदेशातल्या तज्ज्ञाची व्हिडिओवर वेळ पुढच्या शुक्रवारची आहे. (परभणी)

यांना पत्र वाचताच फोन केला. इतरांसाठी लिहितो : ही शुक्रवारची वाट पाहण्याची गोष्ट नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठा. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीव जाऊ शकतो. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. ‘दारू सोडलीय’ हे डॉक्टरांना न लाजता पहिल्यांदा सांगा. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतात. त्यात आपणच आणखी उशीर करतो.

प्रश्न : आठ वर्षं दारूला शिवलो नाही. बारावी आहे, इंग्रजी येत नाही. समुपदेशक होता येईल का? (इचलकरंजी)

दादा, तुमच्यासारख्यांची गरज आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्यांना प्रशिक्षण देऊन कामात घेण्याची पद्धत चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संस्थेत आणि पुण्याच्या मुक्तांगणमध्ये जुनी आहे. इंग्रजीचं दडपण घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या, दारू पिण्याचं प्रमाण तपासणाऱ्या प्रश्नावलीत ‘एका वेळी सहा किंवा जास्त ड्रिंक्स किती वेळा?’ असा प्रश्न आहे. प्रशिक्षणात एक हुशार मुलगी तो जसाच्या तसा विचारत होती आणि समोरचा म्हणत होता, ‘छे, मी फक्त एक क्वार्टर घेतो.’ तिनं ‘नाही’ असं लिहिलं. मागच्या बाकावरचा, स्वतः पिणं सोडलेला गृहस्थ उठला : ‘मॅडम, क्वार्टरमध्येच सहा झाले.’ बरोबर होतं. 42.8 टक्क्यांची 180 मिली व्हिस्की म्हणजे साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल, आणि त्या प्रश्नावलीतलं एक ड्रिंक 10 ग्रॅमचं.

एक काळजी मात्र घ्या. दिवसभर दारूच्याच गोष्टी ऐकून स्वतःची ओढ जागी होऊ शकते. तुमच्या समुपदेशकांशी आधी बोला, आठवड्यातली एक संध्याकाळ केंद्रात मदतीला जा, आणि सहा महिन्यांनी प्रशिक्षणाच्या प्रवेशाचा अर्ज भरा.